ऊन वाढलं की फुगणारा धबधबा

"धबधबा बघायचाय ना? मग पाऊस चांगला लागू दे," असं म्हणून बाबांनी ऑगस्टची तिकिटं बघायला सुरुवातही केली होती. ठोसेघर आणि वजराई बघत वाढलेल्या सातारच्या माणसाचं हे बोलणं अगदी बरोबर. फक्त अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाला ते लागू पडत नाही. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या उंच भागात तो बर्फ होऊन साठतो. मे-जूनमध्ये ऊन तापलं की तो बर्फ वितळतो आणि तेव्हा धबधबे भरात येतात. ऑगस्टमध्ये तिथे आकाश निळंशार असतं, गर्दी भरपूर असते, आणि ७३९ मीटर उंचीचा योसेमिटी फॉल बऱ्याच वर्षी आटून गेलेला असतो. म्हणून मी तिकिटं मेच्या मध्याची काढायला लावली. आईचा आंब्याचा सीझन त्यात अर्धा बुडाला. ते ती अजून विसरलेली नाही.

आम्ही सॅन फ्रान्सिस्कोजवळ बे एरियात राहतो, त्यामुळे योसेमिटीची चौकशी करणारे फोन उन्हाळाभर येत असतात. पहिला प्रश्न ठरलेला: ट्रेल किती मैलांचा आहे? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी पाणी कधी असतं ते विचारावं, मग परत कुठून फिरता येतं ते. २०२४ च्या जूनमध्ये आई-बाबांना घेऊन जायचं ठरलं तेव्हा सगळा बेत मी या दोन प्रश्नांभोवतीच रचला. मंडळी पाच: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक, गुडघ्यांची तक्रार असलेली आई, आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, अजूनही अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जाणारे बाबा. या पाचांना एकच अंतर झेपेल असा ट्रेल जगात नाही.

अप्पर योसेमिटी फॉलचा रस्ता मी पहिल्यांदा बाद केला. जाऊन-येऊन ११.६ किलोमीटर आणि ८२३ मीटरचा चढ, हे आकडे एक वेळ राहू देत. खरी अडचण अशी की अर्ध्यातून परत आलात, तर माथा राहून गेल्याची चुटपुट घेऊनच येता. कोलंबिया रॉकपर्यंतचा पहिला दीड किलोमीटरच ३०० मीटर चढवतो, आणि आईच्या दृष्टीनं बघण्यासारखं काही सुरू होण्याआधीच तिचे गुडघे संपले असते. ब्रायडलव्हेल आणि लोअर योसेमिटी फॉल अगदी सोपे, पण ते फेरफटक्यात मोडतात; दिवसभर चालायचं म्हणून आलेल्या बाबांना तेवढ्यावर कोण थांबवणार?

उरला मिस्ट ट्रेल. मर्सेड नदी दरीत उतरताना दोन प्रचंड पायऱ्या उतरते: वरची १८१ मीटरची, नेवाडा फॉल; खालची ९७ मीटरची, व्हर्नल फॉल. हॅपी आइल्स या ठिकाणाहून वाट सुरू होते. १.३ किलोमीटरवर एक लाकडी पूल लागतो आणि तिथून समोर व्हर्नल दिसतो. इथवरचा चढ १२० मीटर. पुढे ग्रॅनाइटच्या सहाशेहून जास्त पायऱ्या, धबधब्याला अगदी खेटून, आणि १.९ किलोमीटरवर व्हर्नलचा माथा. एकूण चढ ३०० मीटर. तिथून पुढे नेवाडाच्या माथ्यापर्यंत गेलं तर जाऊन-येऊन ८.७ किलोमीटर आणि ६१० मीटर चढ. म्हणजे परत फिरायच्या जागा तीन, आणि तिन्ही ठिकाणी काहीतरी बघून झालेलं असतं. पुलावरून परतणाऱ्या माणसाला आपण हरलो असं वाटत नाही. वेगवेगळ्या वयाची माणसं बरोबर असताना मला हे लांबी-उंचीपेक्षा मोलाचं वाटतं.

परवानगीचा घोळ वाटतो तेवढा नाही. हाफ डोम या घुमटासारख्या डोंगराच्या माथ्यावर जायचं असेल तरच परमिट लागतं. व्हर्नल-नेवाडाला एका दिवसात जाऊन येणाऱ्यांना काही लागत नाही. उद्यानात गाडी नेण्याचे तेव्हा ३५ डॉलर पडायचे. त्या वर्षी मात्र शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी पहाटे ५ ते दुपारी ४ या वेळात आत शिरायला आधी रिझर्व्हेशन घ्यावं लागत होतं, आणि जुलैपासून ते रोजचंच होणार होतं. हा नियम दरवर्षी बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर कधीही विसंबू नये. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यातला मंगळवार धरला आणि तो प्रश्नच मिटवला. शाळेची सुट्टी, नवऱ्याची रजा आणि चालू आठवड्यातला दिवस हे तिन्ही जुळवायला जेवढा वेळ गेला, तेवढा बाकी सगळ्या बेताला मिळून गेला नसेल.

घरून पहाटे निघून त्याच रात्री परत यायचं, असं करणारे शूर लोक आहेत. चार तास जाताना, चार येताना, आणि मधे हा चढ. मला ते पटत नाही. थकलेल्या माणसानं रात्री घाटात गाडी चालवणं हा सगळ्या सहलीतला सर्वांत धोक्याचा भाग असतो, धबधबा नव्हे. आम्ही आदल्या रात्री मारिपोसा गावात राहिलो. तिथून १४० नंबरचा हायवे मर्सेड नदीच्या काठाकाठानं दरीत जातो. पेट्रोल गावातच भरून घेतलं, कारण योसेमिटीच्या दरीत पंप नाही.

आता पाण्याकडे येते. हॅपी आइल्सच्या पुलाजवळ यूएसजीएसचं, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं, नदी मोजण्याचं केंद्र आहे. १९१५ पासूनच्या नोंदी आहेत, आणि आजचा प्रवाह कोणालाही फोनवर बघता येतो. मी बाबांना तो आलेख दाखवला आणि पुढचे आठ दिवस माझा फोन मला नीट मिळाला नाही. आकडे घनफूट दर सेकंदाचे, म्हणजे आपले क्युसेकच! कोयनेचे दरवाजे किती उघडले आणि किती क्युसेक सोडले याच्या बातम्या ज्यांनी आयुष्यभर वाचल्या आणि काही काळ स्वतः पाठवल्याही, त्यांच्यासाठी हा आलेख म्हणजे जुना मित्र भेटल्यासारखं होतं. पण या मित्राचं वागणं निराळं होतं. आलेखाची रेघ रोज एकदा वर जात होती, एकदा खाली. पावसाचा तर थेंब नव्हता. बाबांनी स्वतःच उलगडा केला: वर डोंगरात बर्फ दुपारी वितळतो, ते पाणी ओढ्याओढ्यांतून खाली यायला तास लागतात, म्हणून नदीचा रोजचा पूर हॅपी आइल्सला रात्री पोचतो. सकाळी तो ओसरायला लागतो आणि दुपारी नदी त्यातल्या त्यात लहान. चार दिवस ऊन कडक पडलं की सगळी रेघच वर उचलली जाते. ढग आले, गारठा पडला की खाली बसते. म्हणजे धबधबा किती मोठा असेल हे बघायला आम्ही पावसाचा अंदाज बघत नव्हतो, तापमानाचा बघत होतो. सातारच्या माणसाला हे पचवायला थोडा वेळ लागतो.

निघायची वेळ ठरवताना मात्र मन मारावं लागलं. व्हर्नलच्या तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं, आणि ते दिसायला सूर्य आपल्या पाठीशी हवा. धबधबा साधारण पश्चिमेकडे तोंड करून पडतो, त्यामुळे पुलावरून बघणाऱ्याला खरी मजा दुपारनंतर. लेकीला इंद्रधनुष्यच हवं होतं. पण अकरानंतर त्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात, वाट काही ठिकाणी जेमतेम दोन माणसांची, दगड ओला, आणि कठड्याच्या बाजूनं कोण जाणार यावरून परक्या लोकांशी नजरेनंच वाटाघाटी कराव्या लागतात. मी इंद्रधनुष्य सोडलं आणि सात वाजताची सुरुवात धरली. सातच्या आत पार्किंगलाही जागा मिळते. नाही मिळाली तर कुठेही गाडी लावून शटलनं हॅपी आइल्सच्या, १६ नंबरच्या थांब्यावर उतरायचं.

दिशा हा माझा आग्रहाचा मुद्दा. चढायचं मिस्ट ट्रेलनं, उतरायचं जॉन म्युअर ट्रेलनं. जॉन म्युअर ट्रेल लांब आहे, वळणावळणाचा आहे आणि कोरडा आहे. ओल्या पायऱ्या चढताना माणूस पुढे झुकलेला असतो, घसरला तर हातांवर येतो. उतरताना सगळं वजन पुढच्या पायावर, आणि ग्रॅनाइटवर वाळूचे कण असतील तर बूट कितीही चांगला असो, पाय निसटतो. आपल्याकडच्या काळ्या कातळावर शेवाळ दिसतं तरी. हा करडा दगड स्वच्छ, धुतलेला, अगदी भरवशाचा दिसतो. पण उतरायच्या या वाटेची एक गोम आहे. व्हर्नलच्या माथ्यावरून जॉन म्युअर ट्रेलला लागायचं तर क्लार्क पॉइंट गाठावा लागतो, आणि तो आणखी शे-सव्वाशे मीटर वर आहे. खाली जायला आधी वर. दमलेल्या माणसाला हे तिथे पोचल्यावर सांगितलं तर तो ऐकत नाही, पायऱ्यांकडेच वळतो. म्हणून ते मी मारिपोसाच्या खोलीतच, रात्रीच्या जेवणावर, सगळ्यांना दोनदा ऐकवलं.

कपड्यांवरून बाबांशी थोडं वाजलं. पावसाळ्यात भिजत किल्ले चढलेल्या माणसाला ओलं होण्याचं काय ते अप्रूप नाही. पण सह्याद्रीतला पाऊस अंगावर आला तरी हवा उबदार असते. इथलं पाणी काही तासांपूर्वी बर्फ होतं, पायऱ्यांवर सकाळी सावली असते, आणि धबधबा स्वतःचा वारा सोडतो. सुती कपडे अंगाला चिकटले की दहा मिनिटांत कुडकुडायला होतं. शेवटी बाबांनी नवऱ्याचं पातळ जॅकेट घेतलं. स्वस्त प्लॅस्टिकचे पोंचो मी मुद्दाम घेतले नाहीत. ते वाऱ्यानं तोंडावर येतात आणि नेमकी पुढची पायरी दिसेनाशी होते. प्रत्येकाच्या सॅकमध्ये कोरडे मोजे आणि एक कोरडा शर्ट पिशवीत बांधून.

प्यायचं पाणी वाटेत फक्त पुलाजवळ मिळतं. त्यापुढे नदी शेजारून वाहत असली तरी गाळल्याशिवाय, शुद्ध केल्याशिवाय प्यायची नाही. म्हणून वर जाणाऱ्यांनी प्रत्येकी दोन-अडीच लिटर घेतलं. आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. अस्वलांमुळे इथे खाण्याचे नियम कडक आहेत: दिवसा काचा बंद करून, नजरेआड ठेवलं तर गाडीत चालतं, अंधार पडल्यावर ते लोखंडी पेटीतच हवं. वाटेवर खरा त्रास खारींचा. इतक्या धीट की सॅकची चेन उघडी दिसली तर आत शिरतात.

शेवटचं काम कागदाचं. त्या वाटेवर मोबाइलचा भरवसा धरता येत नाही, म्हणून वेळा लिहून दोन चिठ्ठ्या केल्या, एक माझ्याकडे, एक नवऱ्याकडे. सातला निघायचं. पुलावरून आई आणि नवरा परत. पुढे बाबा, मी आणि लेक, तिघं एकत्रच. कुणी मागे थांबायचं नाही, कुणी पुढे जायचं नाही, आणि सर्वांत दमलेल्याचा शब्द शेवटचा. एक वाजता जिथे असू तिथून उतरायला लागायचं. चारला हॅपी आइल्स. सहापर्यंत आलो नाही तर नवऱ्यानं रेंजरला गाठायचं. बाबा म्हणाले, "खात्यातसुद्धा एवढी कागदपत्रं नव्हती." पण चिठ्ठी वाचून त्यांनी एका जागी दुरुस्ती सुचवली: वर जायचं की नाही हे व्हर्नलच्या माथ्यावर बसून, काही खाऊन झाल्यावर ठरवायचं, उभ्या उभ्या नाही. ही दुरुस्ती माझ्या सगळ्या चिठ्ठीपेक्षा चांगली निघाली.

पुलापर्यंतची वाट पक्की आहे, पण चांगलीच चढणीची. आई थांबत थांबत चढली आणि पुलावर टेकून बराच वेळ बघत राहिली. "एवढ्या आवाजात बोलायची सोय नाही ते बरं," म्हणाली आणि नवऱ्याबरोबर खाली गेली.

पायऱ्यांचं काय सांगू. अर्ध्यात पोचलो तेव्हा समोरचं सगळं पांढरं झालं होतं. थेंब वरून येत नव्हते, बाजूनं आणि खालून येत होते. लेक ओरडत होती आणि मला फक्त तिचं उघडं तोंड दिसत होतं. बाबा एक पायरी चढायचे, पाय पक्का झाला की दुसरा उचलायचे, किल्ल्यावर चढतात तसेच, न घाई न विश्रांती. शेवटच्या टप्प्यात वाट कातळाला चिकटून जाते आणि लोखंडी कठडा हाताला लागतो. तो इतका गार होता की लेकीनं बाही ओढून त्यावर हात ठेवला.

माथ्यावर आलं की एकदम शांत, रुंद, उबदार खडक, आणि इथेच माणसं गाफील होतात. नदी कड्यापर्यंत इतकी गुळगुळीत येते की ती पडणार आहे असं वाटतच नाही. कड्याला रेलिंग आहे. जुलै २०११ मध्ये तिघं तरुण ते ओलांडून पाण्यात गेले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कड्यावरून वाहून गेले. थोडं वर एमराल्ड पूल नावाचा हिरवागार डोह आहे आणि त्याच्या वर सिल्व्हर एप्रन, घसरगुंडीसारखा गुळगुळीत कातळ. दोन्हीकडे पाण्यात उतरायला बंदी आहे. तरी त्या सकाळी एक कुटुंब पाय सोडून बसायला निघालंच होतं. बाबांनी त्यांना हातानं खूण करून मागे बोलावलं. भाषा वेगळी असली तरी पाटबंधारे खात्याचा हात लोकांना कळतो.

पुऱ्या खाल्ल्या, मोजे बदलले, आणि मग चिठ्ठीप्रमाणे प्रश्न विचारला. मला वाटलं होतं बाबा दमले असतील. ते नेवाडाकडे बघत बुटांच्या नाड्या आवळत होते. "मला पुरे," असं लेक म्हणाली. ओठ निळसर झाले होते, शर्ट बदलूनही कुडकुडणं थांबलं नव्हतं, आणि तिचा चढण्यातला रस संपला होता हे तिनं दोन शब्दांत सांगून टाकलं. दमलेल्याचा शब्द शेवटचा. बाबा काही बोलले नाहीत, पण क्लार्क पॉइंटपर्यंतचा सगळा चढ ते आमच्या चार पावलं पुढे राहिले. सत्तरीच्या माणसाचं रुसणं ते असं.

क्लार्क पॉइंटच्या बाजूला नेवाडा फॉल पूर्ण दिसला. शेजारी लिबर्टी कॅपचा घुमट, आणि पाणी सुरुवातीला मोकळं पडून मग खडकावर आपटून पांढरं पसरत जाणारं. बाबांनी रुसवा सोडून फोन मागितला. नेटवर्क नव्हतंच. सकाळी गावातून निघताना बघितलेला क्युसेकचा आकडा त्यांना तोंडपाठ होता, तो त्यांनी धबधब्याकडे बघत पडताळून पाहिला आणि "असेल, तेवढं असेल," असा निर्वाळा दिला. लेक उन्हात आल्यावर ताजीतवानी झाली होती आणि आता नेवाडाला जाऊया म्हणत होती. आता तिचं कोणी ऐकलं नाही.

खालची वळणं लांबलचक आणि कंटाळवाणी आहेत, पण गुडघ्यांना मानवणारी. चारच्या आधीच हॅपी आइल्सला पोचलो. आई आणि नवरा शटलच्या थांब्यावर बसलेले. पुलावरून उतरल्यावर नुसतं बसून काय करायचं म्हणून ती दोघं शटलनं लोअर योसेमिटी फॉलला जाऊन आली होती. थांब्यापासून सपाट वाटेनं थोडं चालायचं, की वरपासून खालपर्यंत सगळा योसेमिटी फॉल समोर.

"तुमचा किती उंच होता?" आईनं विचारलं.

"९७ मीटर," बाबा म्हणाले. "आणि दुसरा लांबून पाहिला, १८१."

"माझा ७३९," आई म्हणाली आणि पुऱ्यांचा डबा उघडा करून किती उरल्यात ते बघायला लागली.